ग्रंथपालानं पुस्तक सुचवावं की मागितलेलं काढून द्यावं?

खडेबाजारकर
आपल्या बेळगावकडच्या सीमाभागातल्या मराठी वाचनालयांतल्या ग्रंथपालांना पुस्तकं सुचवण्याचं रीतसर प्रशिक्षण मिळायला हवं, असं माझं ठाम मत आहे. वर्गीकरण, तालिकीकरण, दाखल नोंद हे ते शिकलेले असतात. प्रश्न देवघेवीच्या टेबलावरचा आहे. पुण्याचा वाचक दुकानात तासभर पुस्तकं चाळून ठरवतो. खानापूर, चिकोडीकडच्या खेड्यातल्या माणसाला नवं मराठी पुस्तक हातात घेऊन बघायला मिळतं ते बहुधा वाचनालयातच. तिथं "काय पायजे?" एवढंच विचारलं तर तो ठरलेली चार नावं सांगणार आणि बाकीची कपाटं बंदच राहणार. त्याऐवजी "मागचं कुठलं आवडलं, आणि त्यातलं काय?" असं विचारायला शिकवा. कुणाला गोष्ट पळती लागते, कुणाला माणसं रंगवलेली आवडतात, कुणाला गावाचं वर्णन. आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ मध्येच ग्रंथालयांची पंचसूत्री मांडली. त्यात प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं हे आहे, तसंच प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा हेही आहे. आपण दुसरं सोडूनच दिलंय.

टिळकवाडीचा सभासद
आधी पगार बघा की ओ! लहान वाचनालयात एकच माणूस. कुलूप तोच काढणार, पेपर तोच लावणार, थकलेल्या वर्गणीसाठी फोन तोच करणार. त्यानं वर वाचकाची नाडीही बघायची? शिवाय सुचवणं म्हणजे स्वतःची आवड गळ्यात मारणं. एका वाचनालयात एक गृहस्थ होते, त्यांना ऐतिहासिक कादंबऱ्यांचं वेड. आमच्या सौ.नी लोणच्यांचं पुस्तक मागितलं तरी गडी पानिपतावर घसरायचा.

खडेबाजारकर
मग त्या गृहस्थांनाच पहिल्या तुकडीत पाठवायला हवं होतं. स्वतःची आवड बाजूला ठेवणं हाच तर या शिक्षणातला मुख्य धडा. पगाराचं तुमचं बरोबर, पण पगार वाढेपर्यंत वाचकानं थांबायचं काय?

कडोलीकडचा मास्तर
मीही विरोधात, पण कारण वेगळं. सुचवायला कपाटात काही असावं लागतं. खरेदी समिती करते, ग्रंथपालाला विचारतंय कोण? निम्मी भर भेट आलेल्या पुस्तकांची, त्यात तीच तीच चरित्रं. आणि प्रचाराचं म्हणाल तर कडोली, येळ्ळूरला साहित्य संमेलनं भरतात, लोक तिथं पुस्तकं बघतात, घेतात.

मलप्रभाकाठ
मास्तर, संमेलन वर्षातून एकदा. पोरं रोज वाढतात. माझी भाची कन्नड माध्यमात शिकते. घरात मराठी बोलते, पण वाचताना जोडाक्षराला अडखळते. तिला वाचनालयात भलीमोठी कादंबरी दिली, का तर "नावाजलेली आहे". परत गेलीच नाही ती. मोठ्या अक्षरातलं पातळ पुस्तक हातात पडलं असतं तर गेली असती. अशी मुलं आपल्याकडं घरोघरी आहेत आणि त्यांच्यासाठी कुठलं पुस्तक काढायचं हे पुण्याचा प्रशिक्षक सांगू शकणार नाही. अभ्यासक्रम इथंच बसून करायला हवा.

उलटही चालतं. कन्नड वाचणाऱ्या शेजाऱ्याला कादंबरीकार भैरप्पा ठाऊक असतात, त्याच्या मराठी सुनेला उमा कुलकर्णींनी केलेले त्यांचे मराठी अनुवाद ठाऊक नसतात. ही सांगड घालणारा टेबलामागं बसलेला असावा.

निपाणीकर
कर्नाटकातली ग्रामपंचायतीची ग्रंथालयं विसरू नका. २०१९ मध्ये ती ग्रंथालय खात्याकडून ग्रामविकास खात्याकडं गेली, २०२० मध्ये 'ओदुव बेळकु' (वाचनाचा उजेड) मोहीम निघाली आणि मुलांना फुकट सभासदत्व मिळालं. तिथल्या मेल्विचारकांनाही, म्हणजे ग्रंथालय सांभाळणाऱ्या पर्यवेक्षकांनाही, या प्रशिक्षणात घ्या.

टिळकवाडीचा सभासद
तिथं मराठी पुस्तकं ठेवणार कोण? बोर्डावरच्या मराठी-कन्नड अक्षरांवरून इथं काय होतं ते माहीत आहे ना?

निपाणीकर
म्हणूनच मागायला हवीत. ग्रंथालय कर आम्हीही घरपट्टीबरोबर भरतोच.

कडोलीकडचा मास्तर
मलप्रभाकाठ यांचं भाचीचं उदाहरण पटलं. पण मग ग्रंथपालाला खरेदी समितीत बसवा. कुठलं पुस्तक कुणी अर्ध्यात परत आणलं हे त्यालाच दिसतं. ते न करता नुसतं प्रशिक्षण म्हणजे त्याच जुन्या चरित्रांची जाहिरात करायला लावणं.

खडेबाजारकर
ही अट मान्य. सुरुवात फुकटात होते. परत आलेली पुस्तकं लगेच कपाटात न ढकलता टेबलाजवळ, मुखपृष्ठ दिसेल अशी ठेवायची. वाचकाच्याच हातच्या दोन ओळी चिठ्ठीवर लावायच्या. आणि दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी भरून महिनोन्महिने येणारे जे सभासद एरवी फिरकत नाहीत, त्यांना अंकाबरोबर त्यातल्याच एखाद्या लेखकाचं पुस्तक दाखवायचं.

टिळकवाडीचा सभासद
दिवाळी अंकांचं ठीक आहे, आमच्या समितीपुढं ठेवतो. प्रशिक्षणाला माझा विरोध कायम. त्या दिवशीचा एसटीचा खर्च आणि बुडालेली रोजी कोण देणार, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.