कोजागरी टाळा, आणि किनारा नाथसागराचाही चालेल

कोजागरीला जोडून येणाऱ्या शनिवार-रविवारी कोकण किनारी जायचं, रात्री दिव्यापाशी पांढरी चादर लावून त्यावर येणारे पतंग (उडणारे कीटक) बघायचे आणि सकाळी पक्षी, असा बेत कुणी मांडलाय, तो छान आहे. पण तारीख बदला. चांदण्यात दिव्यावर पतंग फारसे येत नाहीत. अमावस्येच्या आसपासची, ढगाळ, वारा पडलेली रात्र सगळ्यात चांगली.

आमच्यासारख्या मराठवाड्यातल्यांना कोकण म्हणजे सगळी रात्र प्रवासातच. त्यापेक्षा पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, काय वाईट? जायकवाडीचं पक्षी अभयारण्य १९८६ सालचं. ऑक्टोबरात चक्रवाक, तलवार बदकं, धोबी येऊ लागतात. शेतांवरून भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालतो. रोहित (फ्लेमिंगो) मात्र लगेच मागू नका. धरण भरलेलं असलं की चिखल पाण्याखाली असतो. पाणी उतरलं की त्यांची मजा.

दिवा अभयारण्यात नको, ओळखीच्या कुणाच्या शेतात लावा. कापूस-तुरीच्या पट्ट्यात बोंडअळीचे पतंग येणारच (शेतकरी प्रकाश सापळा लावतात तो त्यांच्यासाठीच), तुडतुडे तर नाकातोंडात जातील. जवळ तीळ असेल तर पाठीवर कवटीची खूण असलेला मोठा पतंग दिसू शकतो, त्याची अळी तिळावर वाढते. पॉवर बँकेवर चालणारा अतिनील एलईडी पुरतो, पण त्याकडे टक लावून बघू नका.

आणि उजाडायच्या आत दिवा बंद करून चादर हलक्या हाताने झटका. नाहीतर कोतवाल पक्षी येऊन बसतो आणि एकेक पतंग उचलून नाश्ता करतो.