तो संत्र्याच्या झाडावरून पडला म्हणून

मेक्सिकन अभिनेता इग्नासिओ लोपेझ तार्सो म्हणजे फक्त 'माकारियो' हा सिनेमा, असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. 1960 चा तो सिनेमा थोरच. अख्खी टर्की एकट्याने खायचा ध्यास घेतलेला लाकूडतोड्या जंगलात मृत्यूला समोर बघतो आणि मुकाट्याने अर्धी टर्की त्याच्यापुढे करतो, तेव्हाचे लोपेझ तार्सोचे डोळे विसरता येत नाहीत. पण हा माणूस मुळात रंगभूमीचा. ईडिपस, मॅकबेथ, लिअर, सगळं केलं त्याने, आणि नव्वदी ओलांडल्यावरही तो मंचावर उभा राहत होता! टीव्हीवरच्या कौटुंबिक मालिका आणि कोरिदो, म्हणजे मेक्सिकन पोवाडेच म्हणा ना, त्यांच्या ध्वनिमुद्रिका वेगळ्याच.

एक गोष्ट सांगायची राहिली. तरुणपणी तो कॅलिफोर्नियात मजुरीला गेला होता. संत्री तोडताना झाडावरून पडला, पाठीच्या कण्याला जबर मार बसला आणि बराच काळ अंथरुणाला खिळला. बरा झाल्यावर मेक्सिको सिटीत नाट्यशिक्षण घ्यायला लागला, तेही कवी-नाटककार हाविएर विय्याउरुतियाच्या हाताखाली. लाकूडतोड्याचं ते थकलेलं, भुकेलं शरीर पाहताना मला दरवेळी तो संत्र्यांचा मळा आठवतो.