हमीपत्र लिहून घेतलं की पालिका सुटली?

विश्रामबागकर : परवा इथंच एका महाशयांनी लिहिलं, "पालिकेचं सभागृह भाड्यानं देताना 'काही झालं तर जबाबदारी माझी' असं स्टॅम्पपेपरवर घ्यायचं, विषय संपला." कसला संपला? पंखा पाहुण्याच्या डोक्यात पडला, तर त्या पाहुण्यानं सही केलीय का कुठं? तो पालिकेवरच दावा लावणार. हमीपत्रावर पालिका फार तर भाडेकरूच्या मागं लागेल. भाडेकरू कोण, तर वर्गणीवर चालणारं मंडळ. इमारतीचा विमा पालिकेनं काढावा, कार्यक्रमाची थर्ड पार्टी पॉलिसी, म्हणजे पाहुण्यासारख्या तिऱ्हाईताला इजा झाली तर भरपाई देणारी, भाडेकरूनं, आणि तीत पालिकेचंही नाव हवं.

तिसरी_घंटा : भाडं, अनामत, लाईट, साऊंड, वर आता विमा. १८४३ साली विष्णुदास भाव्यांकडं पॉलिसी मागितली असती तर सांगली नाट्यपंढरी झाली असती का?

विश्रामबागकर : तेव्हा शॉर्टसर्किटही नव्हतं. ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह डोळ्यांदेखत जळालं. कोल्हापूर काय लांब आहे?

कोर्टवारी : दिल्लीच्या 'उपहार' थेटरच्या आगीत ५९ जीव गेले, तरी २०११ ला सुप्रीम कोर्टानं भरपाईतून दिल्ली महापालिकेला सोडलंच की. ८५ टक्के थेटरवाल्यावर, १५ टक्के वीज मंडळावर.

विश्रामबागकर : वकीलसाहेब, ते थेटर खासगी होतं. इथं मालक खुद्द पालिका आहे.

हळदवाला : हॉलचं राहू द्या, गाळ्यांचं बोला. २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर. गाळा भाड्याचा, मालक म्हणायचा विमा आहे. होता, भिंतींचा! माझी हळदीची पोती त्यात नव्हती. माझ्या स्वतःच्या पॉलिसीत पूर वगळलेला, हप्ता कमी बसतो म्हणून.

विश्रामबागकर : कृष्णाकाठी धंदा करून पूर वगळला? २००५ विसरलात?

हळदवाला : विश्रामबागेत चहा पीत पूर बघणाऱ्यांनी शिकवू नये. एजंटानं बोट ठेवलं तिथं सही केली. शेजाऱ्याच्या पॉलिसीत पूर होता, तर विमा कंपनीचा सर्व्हेअर म्हणाला, स्टॉक रजिस्टर दाखवा. रजिस्टर पोत्यांवरच ठेवलेलं, लगदा झालेला.

गावभाग : आमचं तर घरच पाण्यात होतं, पंचनाम्याला आले ते चिखल वाळल्यावर.

तिसरी_घंटा : पूर ओसरला असेल तर हॉलकडं वळूया का?

कोर्टवारी : वळतो. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आहे म्हणून कुणी उड्या मारायच्या आत सांगतो, तो घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे, लग्नाच्या हॉलसाठी नाही. सक्ती करायची तर करारात कलम घालावं लागेल. आणि २००६ च्या राज्याच्या अग्निसुरक्षा कायद्यानं आगीची यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकावर आहे, तशी भोगवटादारावरही, म्हणजे जागा वापरणाऱ्यावरही. जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यायचा, तो फॉर्म बी. म्हणजे विश्रामबागकरांचं अर्धं बरोबर. अर्धंच!

विश्रामबागकर : उपकार झाले. बाकीच्या अर्ध्याचं पक्षकाराला बिल लावा.

तिसरी_घंटा : बरं बाबा, काढतो पॉलिसी. तेवढा पंखा आधी घट्ट बसवा म्हणजे झालं. गेल्या प्रयोगाला दुसऱ्या अंकात आमच्या नायकापेक्षा तोच जास्त बोलत होता.