मदत हवी आहे: सेकंडहँड गाडीचा हीटर कोमट, हायवेला तर गारच

धागाकर्ता: गाडी २०१३ची, १.२ पेट्रोल हॅचबॅक, ८६,००० किमी, मी तिसरा मालक. डिसेंबरात पुण्याहून शिमला-किन्नौरमार्गे काझाला न्यायची आहे. नॉब पूर्ण लाल बाजूला फिरवला तरी शहरात कोमट हवा येते, हायवेला ८०च्या वेगात जवळजवळ गार. ब्लोअरचा जोर चांगला आहे, केबिन फिल्टर नवा आहे. तापमानाचा काटा नाही, नुसता इंजिन थंड असल्याचा निळा दिवा. तो सकाळी विझायला पंधरा-वीस मिनिटं घेतो. कूलंटची पातळी ठीक, पण रंग गढूळ तपकिरी. मेकॅनिक म्हणतो हीटर कॉइल (डॅशबोर्डमागची, गरम कूलंटवर हवा तापवणारी जाळी) गेली, डॅशबोर्ड उतरवावा लागेल. उतरवू का?

स्पॅनर_दहा: थांबा, डॅशबोर्डला हात लावू देऊ नका. निळा दिवा एवढा वेळ राहतोय म्हणजे इंजिनच तापत नाहीये. कॉइल चोक असती तर इंजिन वेळेत तापलं असतं आणि हवा मात्र गार आली असती. तीन गोष्टी बघून इथे लिहा.

एक, ब्लूटूथवाला ओबीडी अडॅप्टर (इंजिनचे आकडे मोबाइलवर दाखवतो तो) लावून कूलंटचं तापमान बघा, सिग्नलला किती आणि हायवेला किती.

दोन, सकाळी थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होजवर (रबरी नळीवर) हात ठेवा. इंजिन ८० अंशांच्या पुढे जाईपर्यंत हा होज गारच राहायला हवा आणि मग एकदम तापायला हवा. पहिल्या दोन-तीन मिनिटांतच हळूहळू कोमट व्हायला लागला तर थर्मोस्टॅट वॉल (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप) उघडा अडकलाय.

तीन, इंजिन गरम असताना फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) आत जाणारे दोन बारीक होज चाचपा. दोन्ही चांगले गरम आणि हवा गार, तर दोष आतल्या फ्लॅपचा किंवा नॉबच्या केबलचा. आपल्याकडे नॉब वर्षानुवर्षं निळ्या टोकाला असतो, केबल क्लिपमधून निसटलेली कळतही नाही. एक गरम, दुसरा गार, तर कॉइल चोक किंवा आत हवा अडकलेली.

धागाकर्ता: बघितलं. सिग्नलला ७४, हायवेला ५८ ते ६२. वरचा होज दोन मिनिटांत कोमट. बारीक होज दोन्ही कोमट, परतीचा थोडा गार. आणखी एक, चावी फिरवली की रेडिएटरचा फॅन लगेच सुरू होतो.

स्पॅनर_दहा: एसी बंद असतानाही?

धागाकर्ता: हो, बंद असतानाही.

स्पॅनर_दहा: मग वॉल अडकलेला नाही, बहुतेक काढूनच टाकलाय. आणि फॅन डायरेक्ट केलाय, म्हणजे सेन्सर वगळून थेट चावीच्या करंटवर जोडलाय. गाडी गरम व्हायला लागली की हा जोडउपाय हमखास होतो. वॉल नसला की सगळं पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं, वर फॅन चोवीस तास. हीटरला ६० अंशांचं पाणी मिळणार, हवा कोमटच येणार. ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) इंजिन थंडच वाटतं, तो पेट्रोल जास्त सोडतो, ॲव्हरेज पडतं. स्कॅनरवर पी०१२८ (कूलंट पुरेसं तापत नाही) हा कोड दिसला तर आश्चर्य नको.

घाटवाट: तपकिरी रंगाबद्दल. नळाचं किंवा बोअरचं पाणी भरत आले असणार, तो गंज आहे. झाकण थंड असताना उघडून आत बोट फिरवा. पिवळट गाळ लागला तर गळती थांबवायला कुणीतरी हळद टाकलेली आहे. हा गाळ आधी हीटर कॉइलच्या बारीक नळ्यांत बसतो. फायरवॉलपाशी दोन्ही होज काढा, परतीच्या तोंडातून बागेच्या पाइपने हलक्या दाबाचं पाणी सोडा, पलीकडून नितळ येईपर्यंत. कंप्रेसरची हवा मारू नका, कॉइल फुटली तर मग खरंच डॅशबोर्ड उतरवावा लागेल.

आणि नुसतं पाणी घेऊन काझाला जाऊ नका. रात्री गोठलं तर ब्लॉकला तडा जातो. कूलंट आणि पाण्याचं ५०:५० मिश्रण उणे ३५च्या आसपासपर्यंत तग धरतं.

धागाकर्ता: वॉलचं हाउसिंग उघडलं. आत वॉल नाहीच! नुसतं गास्केट. नवा वॉल टाकून निघू?

स्पॅनर_दहा: टाका, पण निघू नका. वॉल उगाच कुणी काढत नाही. गाडी गरम का होत होती ते अजून तिच्यातच आहे.

आधी वॉल. त्यावर अंश कोरलेले असतात, तुमच्या इंजिनला मॅन्युअलप्रमाणे असेल तोच घ्या. बसवण्याआधी पातेल्यात दोऱ्याने टांगून पाणी तापवा, त्या अंशाला उघडायला लागला पाहिजे. जिगल पिन (वॉलच्या कडेची छोटी हलती पिन) वरच्या बाजूला ठेवा, हवा तिथूनच निघते. गास्केट नवं.

भरताना बहुतेक जण चुकतात. निचरा केला तरी ब्लॉकमध्ये बरंच पाणी उरतं, त्यामुळे तयार मिक्स ओतलं की प्रमाण पातळ होतं. मॅन्युअलमधली क्षमता ४.५ लिटर असेल तर आधी २.२५ लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट), वर डिस्टिल्ड वॉटर. गाडीचं नाक चढावर, नॉब पूर्ण लाल, झाकण उघडं, ओतताना होज दाबत राहा. डॅशबोर्डमागे गुळगुळ आवाज आला तर हवा अजून आत आहे. झाकण लावून फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत चालवा, पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा भरा. गरम असताना झाकण उघडायचं नाही.

फॅनचं डायरेक्ट कनेक्शन काढून रिले (फॅन चालू-बंद करणारा स्विच) आणि सेन्सर मूळ जागी आणा. झाकणही नवंच घ्या, जुन्यावर छापलेल्या दाबाचंच, ०.९ किंवा १.१ बार. काझा ३,६०० मीटरच्या वर आहे, तिथे साधं पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं. फॅन तर त्याच्याही वरच्या तापमानाला लागतो. झाकणाने दाब धरला तरच पाणी उशिरा उकळतं, तो धरत नसेल तर हीटरचा विचार करायलाच नको.

घाटवाट: मग खंबाटकी. चार माणसं, एसी चालू, ओबीडीवर डोळा. फॅन लागला की आकडा खाली यायला हवा. चढतच राहिला तर रेडिएटर चोक किंवा वॉटर पंप. आणि थंड इंजिन झाकण काढून सुरू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, तर हेड गास्केट (इंजिनच्या ब्लॉक आणि हेडमधलं सील) गेलंय. काझाला दुसरी गाडी बघा.

धागाकर्ता: वॉल, झाकण, रिले आज घेतो. घाट रविवारी.

स्पॅनर_दहा: ओबीडीचे आकडे इथे टाका, वर चढताना दर मिनिटाचे.