मदत हवी आहे: भजनी मंडळासाठी कानातले मॉनिटर घ्यायचे आहेत, एकूण रक्कम २८,००० रुपये

बोरीकाठ

नमस्कार.

अमळनेर तालुक्यातील आमच्या गावात विठ्ठल मंदिराचे भजनी मंडळ आहे. मी त्यात पेटी वाजवतो आणि मिक्सरही माझ्याकडेच असतो. दोन गायक, एक पखवाजी, मी आणि मागे बारा ते पंधरा टाळकरी एवढा आमचा संच आहे. वर्गणीतून २८,००० रुपये जमले आहेत आणि श्रावणातील सप्ताहाच्या आधी गायक-वादकांसाठी कानातले मॉनिटर, म्हणजे स्वतःचे गाणे-वाजवणे ऐकू यावे म्हणून कानात घालायचे इअरफोन, घ्यावेत असे मंडळाने ठरवले आहे. या पैशांत कापूस वेचायला जाणाऱ्या बायाबापड्यांनी दिलेले दहा-वीस रुपयेही आहेत, म्हणून काहीही विकत घेण्याआधी जाणकारांना सविस्तर विचारतो आहे.

अडचण अशी आहे. सभामंडपावर पत्रे आहेत, तीन बाजूंना भिंती आणि खाली फरशी. टाळांचा नाद पत्र्यावर आदळून परत येतो. गायकांपुढचा मॉनिटर बॉक्स वाढवला की माईक शिट्टी मारू लागतो आणि कमी केला की गायकाला टाळांच्या गजरात स्वतःचा आवाज सापडत नाही. गेल्या सप्ताहात, शेवटच्या दिवशी गजराची लय चढल्यावर, आमचे मुख्य गायक, ज्यांना सगळे गाव आप्पा म्हणते आणि ज्यांचे वय ६८ आहे, त्यांचा सूर पेटीपासून हळूहळू वर सरकला. मी षड्ज जोरात धरून ठेवला. त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिले, पण पेटी त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हती. शेवटपर्यंत ते डाव्या हाताने कान झाकून गात राहिले आणि खाली उतरल्यावर एवढेच म्हणाले, "भाऊ, माले मनाच आवाज ऐकू येत नही." (मला माझाच आवाज ऐकू येत नाही.) चाळीस वर्षे गाणाऱ्या माणसाला असे म्हणावे लागले, हे माझ्या मनातून जात नाही.

आतापर्यंत आम्ही दोन प्रयोग करून पाहिले. पहिला प्रयोग गळ्यात अडकवायच्या ब्लूटूथ इअरफोनचा होता. तो पखवाजीने दहा मिनिटांत काढून ठेवला, कारण थाप हातातून आधी पडे आणि कानात मागून येई. दुसऱ्या प्रयोगात मोबाईलचे वायरचे इअरफोन हेडफोन ॲम्प्लिफायरला लावून तो मिक्सरच्या ऑक्सला, म्हणजे निवडक आवाजांचे वेगळे मिश्रण बाहेर देणाऱ्या जोडणीला, जोडला, तेव्हा आवाज फक्त डाव्या कानात आला. वायर बदलून पाहिली तरी तेच.

आमचा मिक्सर बारा चॅनेलचा ॲनालॉग आहे आणि त्याला दोन ऑक्स आहेत. दुसरा ऑक्स रिव्हर्बसाठी (आवाजाला दिलेल्या कृत्रिम घुमाऱ्यासाठी) गुंतलेला असल्यामुळे कानांसाठी एकच उरतो. आम्हा चौघांना एकच मिश्रण ऐकवून काम भागेल का, वायरलेस घेणे आवश्यक आहे का, आणि दीड-दोन हजारांची जोडी व त्याच्या चार-पाच पट किमतीची जोडी यांत आमच्यासारख्यांना जाणवेल असा फरक असतो का, हे कृपया सांगावे.

ध्वनीवाला, धुळे

दादा, तुमचा प्रश्न वाचून बरे वाटले, कारण बहुतेक जण आधी महागडी जोडी घेतात आणि मग ती जोडायची कुठे हे विचारायला येतात.

ब्लूटूथचा विचार पूर्ण सोडून द्या. त्यात आवाज साधारण १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची असते, म्हणजे पखवाजीला त्याची थाप एक पंचमांश ते दोन पंचमांश मात्रा मागे ऐकू येणार. अशा स्थितीत कोणालाही ठेका धरता येणार नाही. वादकांसाठी बनवलेले वायरलेस संच वेगळे असतात आणि त्यांतला उशीर जाणवत नाही, पण चार जणांचे असे संच तुमच्या रकमेत चांगले मिळणार नाहीत. शिवाय तुम्ही मांडी घालून एका जागी बसता. बसलेल्या माणसाला वायरची अडचण होत नाही, ती कुडत्याच्या आतून पाठीमागे सोडली की दिसतही नाही. कीर्तनकार उभे राहून फिरतात, त्यांच्यासाठी हा प्रश्न वेगळा आहे.

एका कानातच आवाज येण्याचे कारण सोपे आहे. ऑक्समधून मोनो (एकच) सिग्नल निघतो आणि हेडफोन ॲम्प्लिफायर स्टीरिओची (डाव्या-उजव्या दोन वेगळ्या सिग्नलांची) वाट पाहत असतो, त्यामुळे उजव्या बाजूला काही जातच नाही. जवळच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून एक वायर बनवून घ्या. मिक्सरकडच्या टोकाला मोनो पिन लावायची आणि तिच्या टोकाची तार दुसऱ्या बाजूच्या स्टीरिओ पिनेच्या टोकाला व रिंगला (टोकाच्या मागच्या कड्याला), अशी दोन्हीकडे जोडायची. घाईत बॅलन्स्ड वायर लावू नका. काही मिक्सरवर तिच्यामुळे दोन्ही कानांत आवाज येतो खरा, पण दोन बाजू एकमेकींच्या उलट्या असतात, म्हणून तो पोकळ लागतो आणि पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूचा घुमारा नाहीसा होतो.

तुमचा ऑक्स फेडरच्या, म्हणजे चॅनेलचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या कळीच्या, आधीचा आहे की नंतरचा हेही तपासा. नंतरचा असेल तर सभामंडपात आवाज कमी-जास्त करताना प्रत्येक वेळी कानातलाही बदलेल आणि गायक गोंधळेल. कानांसाठी फेडरच्या आधीचाच हवा.

आता एका मिश्रणाविषयी. चौघांना एकच मिश्रण देता येते, पण पखवाजी कानात पखवाज मागत नाही, तो त्याच्या मांडीवरच आहे. त्याला गायक आणि पेटी हवी असते. गायकाला स्वतःचा आवाज, पेटीचा सूर आणि अगदी थोडा पखवाज पुरतो. टाळ कोणाच्याच मिश्रणात घालू नका, ते गायकांच्या माईकमधून आपोआप येतात. रिव्हर्ब सोडता आला तर दुसरा ऑक्स मोकळा होईल. पत्र्याच्या सभामंडपाला मुळातच इतका घुमारा असतो की रिव्हर्बची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

गायकांसाठी आणि तुमच्यासाठी बेहरिंजरचा एचए४०० घ्या. त्याला चार हेडफोन लागतात आणि प्रत्येकाची आवाजाची कळ वेगळी असते. पखवाजीला त्याच कंपनीचा पी२ द्या. तो कमरेला अडकतो, दोन एएए सेलवर चालतो आणि त्यावर मोनोचे बटण असल्यामुळे आवाज दोन्ही कानांत येतो. पुढेमागे रक्कम जमली तर एक्सआर१८ सारखा डिजिटल मिक्सर पाहा. त्यातून सहा ऑक्स मिळतात आणि प्रत्येक जण स्वतःचे मिश्रण मोबाईलवर लावू शकतो, पण आज तो तुमच्या आवाक्यात नाही.

तापी-पांझरा

जोडीच्या किमतीविषयी माझा अनुभव सांगते. मी नंदुरबारच्या एका चर्चमध्ये उपासनेच्या वेळी गाते आणि आमचा ड्रम आमच्या अगदी मागे असतो. केझेड कंपनीच्या स्वस्त जोड्यांचा आवाज किमतीच्या मानाने खरोखर चांगला आहे, पण अशा अनेक जोड्यांच्या कवचाला बारीक छिद्रे असतात आणि बाहेरचा गोंगाट तिथून आत येतो. शूर कंपनीची एसई२१५ ही जोडी बाहेरचा आवाज ३७ डेसिबलपर्यंत अडवते असे कंपनी सांगते. मला स्वतःला तिच्या आवाजापेक्षा या शांततेचा जास्त उपयोग झाला, कारण बाहेरचे कमी झाले की कानात वाढवावे लागत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे कानात बसणारे रबर. ते नीट बसले नाही तर कितीही महाग जोडी पातळच वाजते. प्रत्येकाला लहान, मध्यम, मोठे असे तिन्ही आकार लावून बघायला सांगा. डावा आणि उजवा कान सारखा नसतो, हे मला माझ्याच कानांवरून कळले. फोमचे बूच अधिक घट्ट बसतात, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामाने ते लवकर खराब होतात. सिलिकॉनचे धुता येतात. वायर कवचापासून सुटी होणारीच जोडी घ्या, कारण आधी वायर तुटते आणि मग सगळी जोडी फेकावी लागत नाही.

आणि एक विनंती, आप्पांना एक कान उघडा ठेवू देऊ नका. उघड्या कानातून टाळ आत येतात, मग माणूस दुसऱ्या कानातला आवाज वाढवत जातो. अमेरिकेतील निऑश या संस्थेने कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी दिलेली शिफारस ८५ डेसिबलला ८ तासांची आहे आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबलला एकच तास उरतो, आणि सप्ताहातले भजन तासात संपत नाही. त्यांचे वय पाहता आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घेतली तर फार चांगले.

बोरीकाठ

दोघांचेही मनापासून आभार. तुम्ही सांगितल्याप्रमाणे केले, त्याची माहिती देतो.

वायर गावातल्या मुलाने माझ्यासमोर बनवली. पिनेच्या रिंगेवर डाग देताना तार सारखी सुटत होती. शेवटी त्याने ती सुईने वळवून बसवली, मी पेटीवर षड्ज धरला आणि तो दोन्ही कानांत एकदम आला. पहिला ऑक्स फेडरच्या आधीचाच निघाला. रिव्हर्ब बंद केला आणि मंडपात कोणाला त्याची उणीव जाणवली नाही. दुसरा ऑक्स फेडरनंतरचा आहे, तो पखवाजीला दिला. भजन सुरू झाल्यावर मी फेडर सहसा हलवत नाही, त्यामुळे त्याला अडचण आलेली नाही.

आप्पांची तपासणी अमळनेरला झाली. वयानुसार वरच्या पट्टीचे थोडे कमी ऐकू येते, यंत्राची गरज नाही असे डॉक्टरांनी सांगितले. त्यांच्यासाठी एसई२१५ घेतली आणि आम्हा तिघांसाठी स्वस्त जोड्या घेतल्या. एचए४००, पी२ आणि वायरी धरून सगळे २६,००० रुपयांच्या आत बसले.

पहिल्या सरावात आप्पांनी दोनदा जोडी काढली. विहिरीत तोंड घालून गातो आहे असे वाटते आणि समोरच्या माणसांचा घोष ऐकू येत नाही, अशी त्यांची तक्रार होती, आणि ती मला पटली. लोक 'विठ्ठल विठ्ठल' म्हणतात ते गायकाला ऐकू आले नाही तर तो कोणासाठी गाणार? म्हणून मोकळ्या चॅनेलवर एक जादा माईक लावून त्याचे तोंड श्रोत्यांकडे केले. त्याचा फेडर पूर्ण खाली ठेवला आणि फक्त पहिला ऑक्स थोडा उघडला. आता मंडपाच्या बॉक्समध्ये तो माईक जात नाही, आप्पांच्या कानात मात्र लोक आहेत.

कालच्या एकादशीला त्यांनी टोपीच्या कडेखालून वायर घेतली आणि दोन तास जोडी काढली नाही. गजर चढला तेव्हा मी सवयीने पेटीवर षड्ज दाबून धरला, तर त्यांनी मान हलवून मला तो सोडायला सांगितले. सूर जागेवर होता.

एक शंका राहिली आहे. आप्पांच्या उजव्या कानातले सिलिकॉन तासाभराने घामाने सुटते आणि ते बोटाने परत दाबतात. एकाच कानाला फोम आणि दुसऱ्याला सिलिकॉन असे लावले तर दोन्ही बाजूंच्या आवाजात फरक पडतो का?

तापी-पांझरा

थोडा पडतो, फोमच्या बाजूला वरचे स्वर किंचित दबतात, पण गाताना तो अडत नाही. त्याआधी उजव्या कानाला एक आकार मोठे सिलिकॉन लावून पाहा. मधल्या विश्रांतीत कान आणि बूच दोन्ही कोरड्या रुमालाने पुसले तर बहुधा तेवढ्यानेच भागेल.