मदत हवी आहे: ३७ व्या वर्षी एलएलबीला जावं का? फॉर्मची मुदत संपत आली

भीमाकाठ
३ वर्षांच्या एलएलबीची सीईटी द्यायची की नाही, दोन दिवसांत ठरवायचं आहे. वय ३७, पदवीला ५४ टक्के, नोकरी आहे. कॉलेज घरापासून २२ किलोमीटर. नोकरी सांभाळून होईल का, एवढंच सांगा. ‘मनात असेल तर नक्की करा’ असले प्रतिसाद कृपया नकोत.

शिरस्तेदार
वयाची अट नाही. टक्केही पुरेसे आहेत: खुल्या प्रवर्गाला ४५, ओबीसींना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४० लागतात. पेपर मराठीतूनही देता येतो, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. अडणार आहे ते हजेरीवर. बार कौन्सिलच्या (वकिली आणि तिचं शिक्षण यांचे नियम ठरवणारी संस्था) नियमाप्रमाणे प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी हवी. खरंच अपवादात्मक कारण असेल तर एखाद्या विषयात प्राचार्य ६५ पर्यंत सवलत देऊ शकतात, पण तेव्हाही सगळे विषय मिळून ७० भरावेच लागतात. नोकरी कुठली, वेळ काय, हे लिहिलंच नाहीत.

एकच_चहा
हजेरीचं एवढं मनावर घेऊ नका हो. नाव घालायचं, परीक्षेला जायचं. अर्धं राज्य असंच एलएलबी झालंय.

शिरस्तेदार
असा सल्ला देऊ नका. सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकात बार कौन्सिलने बायोमेट्रिक हजेरी आणि वर्गात सीसीटीव्ही सांगितलेत. शिवाय विद्यार्थ्याने नोकरी करतो का, करत असल्यास मालकाचं ना-हरकत पत्र आहे का, हे लिहून द्यायचं आहे. खोटं लिहून दिलं तर ते सनदेच्या, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या, वेळी आडवं येतं.

पालवी
क्लॅटचा (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) विचार केलात का? राष्ट्रीय विधी विद्यापीठांतून ५ वर्षांचं बीए एलएलबी केलं तर पुढे खूप फरक पडतो.

काळा_कोट
पालवीताई, ते बारावीनंतरच्या मुलांसाठी. हे पदवीधर आहेत. भाऊ, आधी हे सांगा की एलएलबी करून करायचं काय? वकिली, न्यायाधीशाची परीक्षा की नोकरीत बढती? न्यायाधीशपदासाठी सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालात ३ वर्षांची वकिली सक्तीची केली आहे, म्हणजे तुमचा हिशेब ६ वर्षांच्या पुढे जातो. आणि वकिली करायची तर पूर्णवेळ पगारी नोकरी सोडावीच लागेल. दोन्ही एकदम ठेवता येत नाही.

भीमाकाठ
साखर कारखान्यात शेती विभागात आहे. गळीत हंगामात सुट्टी मिळत नाही. नोकरी सोडायची नाही. आमचा जमीनवाटपाचा दावा ६ वर्षं चालू आहे, वकील नुसत्या तारखा घेतात. म्हटलं आपणच शिकून उभं राहावं. फॉर्मचं सांगा ना कुणीतरी.

बांधावरून
वाटप? मग कोर्ट कशाला! तहसीलदाराकडे महसूल संहितेच्या कलम ८५ खाली अर्ज करा, काम संपलं.

काळा_कोट
सगळे हिस्सेदार राजी असतील तर ८५. इथे दावा चालू आहे म्हणजे हिश्श्यावरच वाद आहे. मालकीहक्काचा वाद तहसीलदार मिटवत नाही.

मुंढ्याची_माई
एक गोष्ट कुणीच विचारली नाही. पदवी कुठली? बारावी कधी झाली?

भीमाकाठ
बारावी नाही. दहावीनंतर मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा, मग तिथूनच बीए. त्याचा काय संबंध?

मुंढ्याची_माई
सगळा संबंध तिथेच आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत नियम ५ चं स्पष्टीकरण वाचा. मूळ पात्रता नसताना थेट मुक्त विद्यापीठातून घेतलेल्या पदवीवर विधी शाखेला प्रवेश नाही. बारावी होऊन मुक्त विद्यापीठाची पदवी असती तर चाललं असतं. सीईटी द्याल, गुणही पडतील, आणि कागद तपासताना बारावीची गुणपत्रिका मागितली की प्रवेश अडेल.

एकच_चहा
मुक्त विद्यापीठाला यूजीसीची मान्यता आहे. हीच पदवी एमपीएससीला चालते.

मुंढ्याची_माई
चालते, आणि पदवी खरीच आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण यूजीसी पदवीला मान्यता देते, वकिलीच्या शिक्षणाची पात्रता बार कौन्सिल ठरवते. आता १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी केली तरी जुनी पदवी आपोआप नियमात बसेल असं धरू नका. पैसे भरण्याआधी सीईटी कक्षाकडून लेखी उत्तर घ्या.

काळा_कोट
भाऊ, दाव्यासाठी एलएलबीची गरजच नाही. पक्षकार स्वतः कोर्टात उभा राहू शकतो. पण त्याआधी दावा नक्की कुठे अडलाय ते बघा. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या संकेतस्थळावर तुमच्या दाव्याचा १६ अक्षरी सीएनआर क्रमांक टाका, प्रत्येक तारखेला काय झालं ते दिसतं. मग रोजनाम्याची (कोर्टातली तारीखवार नोंद) सही-शिक्क्याची नक्कल काढा. तीन गोष्टी शोधा: सगळ्या प्रतिवादींना समन्स बजावलं का, प्रतिवादींचं लेखी उत्तर म्हणजे कैफियत आली का (मुदत ३० दिवस, कोर्टाने वाढवून दिले तर ९०), आणि कुणी मयत असेल तर वारस रेकॉर्डवर आले का. वारस ९० दिवसांत लावले नाहीत तर मयतापुरता दावा अबेट होतो, म्हणजे आपोआप संपतो. हे अबेट होणं रद्द करून घ्यायला पुढचे ६० दिवस असतात, त्यानंतर विलंबमाफीचा अर्ज लागतो. ‘मुद्दे काढण्यासाठी’ (वादाचे प्रश्न ठरवण्यासाठी) हाच शेरा पुन्हापुन्हा दिसला तर मुद्द्यांचा मसुदा देण्याबद्दल वकिलांना लेखी पत्र द्या.

शिरस्तेदार
वकील बदलायचे तर जुन्यांची ना-हरकत किंवा कोर्टाची परवानगी घेऊनच नवं वकीलपत्र. आणि हेही ध्यानात ठेवा: हुकूमनामा (दाव्याचा निकाल) मिळाल्यावरही सारा भरणाऱ्या शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. तिथे मोजणी, सरस-निरस (चांगली-हलकी जमीन ठरवणं), हरकती असं सगळं परत होतं. त्याचीही तयारी ठेवा.

भीमाकाठ
आत्ता सीएनआर टाकून पाहिला. प्रतिवादी क्रमांक ४ माझे चुलते, ते मागच्या आषाढात वारले. त्यांच्या वारसांचं कुठेच काही दिसत नाही. फॉर्म राहू दे. नकलेच्या अर्जाला काय काय लागतं?

काळा_कोट
दावा क्रमांक, पक्षकारांची नावं, पुढची तारीख आणि कोर्ट फी तिकीट. मृत्यूचा दाखलाही सोबत घ्या. आषाढ म्हणजे ९० आणि ६०, दोन्ही गेलेत. वारस लावण्याचा, अबेटमेंट रद्द करण्याचा आणि विलंबमाफीचा, असे तीन अर्ज एकत्र द्यावे लागतील. विलंबमाफीच्या अर्जात चुलते वारल्याचं कोर्टाला कधी, कुणी कळवलं ते तारखेनिशी लिहा. प्रतिवादीच्या वकिलाने कळवलंच नसेल तर ते कारण तुमच्या उपयोगाचं आहे.