युगांडातलं किडेपो व्हॅली: बाबांना घेऊन जायचंय, किती दिवस ठेवू?

माळरान:
नमस्कार मंडळी. जानेवारीत कशीबशी १२ दिवसांची सुट्टी जमलीये, मी, बायको आणि बाबा असे तिघं जाणार. बाबा ६८ चे आहेत, नांदूरमध्यमेश्वरला थंडीत पहाटे माझ्याआधी तेच दुर्बीण घेऊन तयार असतात. आफ्रिका बघायची त्यांची खूप वर्षांची इच्छा आहे. मसाई मारा सगळेच सुचवतात पण एका सिंहाभोवती पंधरा-वीस गाड्या उभ्या असलेले फोटो बघून ते म्हणाले असं नको बाबा, शांत जागा बघ. मग शोधता शोधता युगांडाच्या ईशान्य टोकाचं किडेपो व्हॅली सापडलं, दक्षिण सुदानच्या हद्दीला लागून, केनियाही जवळच, ४७५ च्या आसपास पक्षी, गर्दी जवळपास नाही. आता प्रश्न असा की टूरवाला म्हणतो किडेपोला २ रात्री पुरे, उरलेल्या दिवसांत बविंडीचे गोरिला करून देतो. हे बरोबर आहे का? शिवाय गाडीने जावं की विमानाने, आम्ही शाकाहारी, खायचं काय, आणि बाबांना झेपेल का? कुणी जाऊन आलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

दुर्बीणवाली:
मी फेब्रुवारीत जाऊन आलेय, ४ रात्री होते आणि निघताना रडू आलं होतं, खरंच. त्यामुळे आधी एकच सांगते, २ रात्री अजिबात नको. बविंडी आहे नैर्ऋत्येला, किडेपो ईशान्येला, म्हणजे अख्खा देश आडवा कापायचा, काकांचे निम्मे दिवस गाडीतच जातील. गोरिला पुढच्या वेळी बघा.

किडेपोत दोन खोरी आहेत, नारुस आणि किडेपो. जानेवारीत पाणी टिकून असतं ते नारुसमध्ये, म्हणून सगळी जनावरं तिथे गोळा होतात. रानम्हशींचे एवढे मोठे कळप मी आयुष्यात पाहिले नव्हते, आख्खं माळ काळं दिसतं आणि पाठींवर गायबगळे. हत्ती, झेब्रे, जिराफ, हार्टबीस्ट नावाची मोठी हरणं, सगळं तिथेच. सिंह बघायचे असतील तर मोठमोठ्या खडकांवर नजर ठेवा, उन्हात त्यावर पसरलेले असतात, आमच्या गाइडने लांबून फक्त शेपटीचा गोंडा बघून ओळखला.

पण माझा जीव अडकलाय तो किडेपो खोऱ्यात. एक पूर्ण दिवस फक्त त्यासाठी ठेवा. नदी वर्षातला बराच काळ कोरडीच असते, नुसती पांढरी वाळू आणि दोन्ही काठांना ताडाची झाडं. आपल्या ताडगोळ्याच्या ताडाचाच आफ्रिकन भाऊ. खाली पडलेली फळं वेचायला लोक इथे यायचे, आणि तिथल्या भाषेत वेचणे या शब्दावरूनच किडेपो नाव पडलंय असं सांगतात. मी एक फळ उचललं, नारळाएवढं, नारिंगी, दोऱ्या दोऱ्या सुटलेलं, वास थेट पिकलेल्या आंब्यासारखा. शेजारी वाळूत हत्तीचं ताजं पाऊल, माझे दोन्ही तळवे पसरले तरी भरत नव्हतं. तिथून पुढे कनांगोरोकचे गरम झरे आहेत, पाणी बघायला फार काही नाही पण समोर दक्षिण सुदानचे डोंगर दिसतात आणि वाटेतल्या मोकळ्या माळावर शहामृग. युगांडाच्या दुसऱ्या कुठल्याही नॅशनल पार्कात शहामृग नाही.

पक्ष्यांचं म्हणाल तर काकांना अर्धे ओळखीचेच वाटतील. ॲबिसिनियन रोलर म्हणजे आपल्या नीलकंठाला लांब शेपटीच्या दोन तारा लावल्यासारखा. कोरी बस्टर्ड तर माळढोकाचा सख्खा चुलतभाऊ, तो संथ पावलं टाकत गवतातून गेला तेव्हा आमच्या ग्रुपमधले सोलापूरचे एक काका कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत. ॲबिसिनियन ग्राउंड हॉर्नबिल जमिनीवर चालणारा मोठा काळा धनेश, सेक्रेटरी बर्ड, काळ्या छातीचा तांबट, आणि करामोजा ॲपालिस नावाचा चिमुकला करडा पक्षी, तो काटेरी बाभळींत शोधावा लागतो. भोवत्या हे शिकारी पक्षी तर थंडीत आपल्याकडे पण येतात आणि तिकडे पण. आणि हो, आपला पोपट! अगदी तोच, गळ्यात कंठी असलेला.

सोनटक्का:
माझं मत जरा वेगळं आहे. पहिलीच आफ्रिका असेल आणि वडिलांना चित्ता, बिबट्या नक्की दिसलाच पाहिजे असं असेल तर केनिया-टांझानिया सोपं पडतं. किडेपोत चित्ता आहे पण दिसणं नशिबावर. हे त्यांना आधी सांगून ठेवा म्हणजे हिरमोड होणार नाही.

कंपालाकर:
मी ९ वर्षं कंपालात नोकरीला आहे, किडेपो ३ वेळा झालंय. रस्त्याने कंपाला-गुलू-किटगुम असं या, एका दिवसात करायचं म्हटलं तर १०-१२ तास लागतात पण वडील आहेत तर गुलूला मुक्काम कराच. किटगुमच्या पुढे लाल मातीचा रस्ता, अंग हलून निघतं. डिझेल आणि रोख पैसे किटगुमलाच भरून घ्या, पार्कात एटीएम नाही. डॉलरच्या जुन्या सालाच्या नोटा इकडे कुणी घेत नाही, नव्या कोऱ्या आणा. बजेट असेल तर एंटेबेहून छोटं विमान थेट पार्काच्या धावपट्टीवर उतरतं, जाताना रस्ता आणि येताना विमान असंही करता येईल. मुंबई-एंटेबे थेट विमान युगांडा एअरलाइन्सने २०२३ मध्ये सुरू केलं, तारखा बघून घ्या.

गाडी ठरवताना एक काळजी घ्या. एप्रिलमध्ये आम्ही आलो तेव्हा एका एजन्सीने पाठवलेल्या गाडीचं स्टेपनीचं चाक गुळगुळीत होतं आणि दोर, फावडं काहीच नव्हतं. पाऊस पडला, चिकण मातीत चाकं रुतली, आणि साडेचार तास आम्ही तिथेच, आजूबाजूला म्हशी म्हणून खाली उतरायची सोय नाही. शेवटी रेंजर्सनी ओढून काढलं. जानेवारीत कोरडं असतं तरी दोन चांगल्या स्टेपन्या आहेत का ते स्वतः डोळ्यांनी बघा.

राहायला पार्कातच अपोकाला युगांडा वाइल्डलाइफ अथॉरिटीच्या बांडा आहेत, म्हणजे साध्या गोल झोपड्या, वडिलांना बरं पडेल कारण चढउतार नाही. अंगणात जनावरं चरायला येतात, रात्री जेवायच्या जागेपर्यंतसुद्धा एकटं जायचं नाही, रेंजरला हाक मारायची. खाण्याची चिंता नको, चपाती इकडे सगळीकडे मिळते आणि नावही चपातीच आहे, आपल्याच लोकांनी आणलेली. सोबत बीन्स, पोशो म्हणजे मक्याची घट्ट उकड, मटोके म्हणजे शिजवलेली कच्ची केळी. चटणी-लोणचं तेवढं आणा.

यलो फीवरची लस सगळ्यांना सक्तीची, निघायच्या किमान १० दिवस आधी, नाहीतर परत येताना भारतात क्वारंटाइन करतात. पण ६० च्या पुढे ही लस देताना डॉक्टर जास्त विचार करतात, म्हणून वडिलांना आत्ताच दाखवा, तिकिटं काढायच्या आधी. करामोजात, म्हणजे किडेपो ज्या भागात आहे तिथे, गुरं पळवण्यावरून अधूनमधून तणाव असतो, निघायच्या आठवड्यात पार्क ऑफिसला विचारूनच या.

माळरान:
मंडळी, काय बोलू, खूप खूप आभार. सगळं बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ताडाच्या फळाचं ऐकून म्हणाले ते मला उचलायचंय, बाकी चित्ता दिसो न दिसो. बविंडी रद्द. किडेपोला ४ रात्री ठेवतो, उरलेल्यात जाता-येता काय करावं? आणि मोरुंगोले डोंगरावर इक लोकांची वस्ती आहे म्हणे, तिथे जमेल का?

कंपालाकर:
मर्चिसन फॉल्सचं नॅशनल पार्क करा, ३ रात्री, वाटेवरच वळता येतं. नाईलवर बोटीने शूबिल हा जाड चोचीचा मोठा पक्षी शोधायला मिळेल. मोरुंगोलेचा ट्रेक उभ्या चढाचा आणि दिवसभराचा आहे, वडिलांना नको. तुम्ही दोघं रेंजर घेऊन जा, ते नारुसला गाइडबरोबर बसतील.

दुर्बीणवाली:
आणि गडद निळे, काळे कपडे नेऊ नका, त्सेत्से माश्या त्याच रंगांवर येतात, माझ्या निळ्या जीन्समधून चावल्या होत्या. काकांसाठी हलकी ८ बाय ४२ ची दुर्बीण आणि गाडीच्या खिडकीवर ठेवायला तांदूळ भरलेली छोटी पिशवी न्या, हात दुखत नाहीत. रिकामी न्या, तांदूळ गुलूला भरा.